आशियात दुसरे, गावातही दुसरे

‘संस्कार’ हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की मला अजूनही मळमळतं. घरातले हसतात. नातसून म्हणते, इतका चांगला शब्द आहे तो. असेल बाई, तुझ्या तोंडी चांगला असेल. मी तो ज्या तोंडातून ऐकला ते पानानं लाल झालेलं होतं, आणि फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेलं होतं. माझ्या सासऱ्यांचं तोंड ते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

पण आधी फुटबॉल कुठून आला ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल तापीकाठच्या शेतकऱ्याच्या सुनेला फुटबॉलचं काय. माझे वडील खांडबाऱ्याला स्टेशनमास्तर होते. सुरतेकडून येणाऱ्या गाडीचा गार्ड त्यांना पेपर द्यायचा, एक दिवस शिळा. माझा मोठा भाऊ तो मागच्या पानापासून वाचायचा. दिल्लीला आशियातल्या देशांचे खेळ झाले आणि आपण फुटबॉलात पहिले आलो, तेव्हा त्यानं क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर कोळशानं आशियातले देश एकाखाली एक लिहून काढले. सगळ्यात वर आपण. आईनं त्याला झाडूनं हाणलं, पण भिंत तशीच राहिली.

पुढच्या खेपेला आपण घसरलो. भावानं ओल्या फडक्यानं भिंत पुसली आणि आपल्याला खाली लिहिलं. मी रडारड केली. म्हटलं, आपला देश केवढा मोठा, त्याला वरच ठेव ना! तो म्हणाला, “गप. नाव बघायचं नाही, निकाल बघायचा.” कोण कुणाशी खेळलं आणि काय झालं, संपलं. मला आधी राग आला आणि मग तो नियम फार आवडला. कारण बाकी सगळीकडे मी वेगळंच बघत होते. ताट वाढायचं तर आधी पुरुषांना, पाणी भरायचं तर जात बघून, लग्नाच्या पंगतीत कोण कुठं बसणार ते जमिनीवरून. भिंतीवर तेवढं कुणाचं काही चालत नव्हतं.

स्टेशनच्या मालधक्क्यामागं मोकळी जागा होती. तिथं आम्ही चिंध्यांचा बॉल करून सुतळीनं आवळायचो आणि खेळायचो. मी मुलगी, म्हणून मला गोलात उभं करायचे. माझ्यापुढं बॅक म्हणून, म्हणजे येणारा बॉल अडवायला, उभा राहायचा तो स्टेशनावरच्या हमालाचा मुलगा. मावची आदिवासी घरातला, भावाच्याच वयाचा. त्याची आई आजारी असताना तो तिच्यासोबत चिंचपाड्याच्या दवाखान्यात राहिला होता, तिथल्या पोरांमध्ये खरा बॉल खेळून आला होता. त्याच्या पायातून बॉल काढणं म्हणजे म्हशीच्या तोंडून ऊस काढणं. अनवाणी पायांनी त्यानं माझ्या भावाच्या नडग्या काळ्यानिळ्या केल्या होत्या. भाऊ कळवळून शिव्या द्यायचा आणि हा खदखदून हसायचा. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आम्ही त्याला बॅक असंच म्हणायचो, आणि इथंही तेच म्हणते.

माझं लग्न तापीकाठच्या गावात झालं. काळी जमीन, कापूस, केळी, ऊस, दारात बैल. घर मोठं आणि माणसं बोलायला गोड. दोनेक वर्षांनी बॅकचा बाप गेला, हमाली दुसऱ्याला मिळाली, आणि माझ्या वडिलांच्या शब्दावर बॅक आमच्याच घरी सालदार म्हणून लागला. सालदार म्हणजे वर्षाच्या करारावरचा गडी. साल लागतं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं पुढच्या आखाजीला. मधे त्याचा दिवस आपला नाही आणि रात्रही नाही. चारचौघांत तो मला मालकीणबाई म्हणायचा. आसपास कुणी नसलं की जुन्या सवयीनं ताई.

आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. पाय लागला की नमस्कार करायचा, ही काही आमचीच रीत नाही, सगळ्या घरांत आहे. लहानपणी मीही केलाय. पण आमच्याकडे ती एकाच बाजूनं चालायची. सालदाराचा पाय चुकून मालकाच्या अंथरुणाला जरी लागला, तरी सासरे ओसरीवरून गरजायचे, “पाय लागना ना रे!” की त्यानं हातातलं सोडून वाकायचं. डोक्यावर पोतं असलं तर आधी पोतं उतरवायचं, मग वाकायचं. आणि सासऱ्यांचा पाय? तो तर गड्यांना लाथ म्हणूनच लागायचा. त्याला कुणी वाकलेलं मी पाहिलं नाही. बॅकला पहिल्यांदा असं वाकताना पाहिलं तेव्हा मी चुलीपुढं होते. भाकरी करपली.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर मी गेरूनं आशियातले देश लिहिले होते. सासूबाईंनी विचारलं, “हाई काय लिखी ऱ्हायनी वं वहू? देव शेतस का?” म्हटलं, देव नाहीत, देश आहेत. “मंग वरना कोन शे?” म्हटलं, सध्या आपणच. दोनच वर्षांपूर्वी आपण पुन्हा पहिले आलो होतो. सासूबाई म्हणाल्या, “मंग ऱ्हाऊ दे.” बिचारीचा स्वभाव वाईट नव्हता.

त्या वर्षी माझ्या दिराच्या डोक्यात फुटबॉलची स्पर्धा घ्यायचं आलं. तो धुळ्याला शिकायला राहून आला होता, बूट घेऊन आला होता आणि गावातल्या मालकांच्या पोरांचा एक संघ करून बसला होता. आखाजीच्या दिवसांत स्पर्धा ठरली. शेजारच्या गावांचे दोन संघ तयार झाले, चौथा मिळेना. आखाजीला सालदार मोकळे असतात. जुनं साल संपलेलं, नवं लागायचं. दीर हसत म्हणाला, गड्यांचाच करा चौथा, गंमत येईल. चौघांनी एकमेकांशी खेळायचं आणि शेवटी निकालावर नंबर लावायचे, हे मात्र मी त्याच्या कानावर घातलं. त्यानं मान्य केलं. गंमतच ती, मान्य करायला काय जातंय?

सासऱ्यांनीही परवानगी दिली. सगळ्या सालदारांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं, “खेळा रे, खेळा. पन एक ध्यानमा ठेवा. मालकना पोऱ्याले पाय लागना ते तठेच पाया पडनं.” पोरं माना डोलावून गेली. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. फुटबॉलात पाय लागणार नाही तर काय शेंडी लागणार?

आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी जातात. माझा भाऊ मला न्यायला आला तो एकटा आला नाही. तो तेव्हा सुरतेकडच्या एका गिरणीत होता, गिरणीच्या संघातून खेळत होता. त्या संघासाठी माणसं निवडणाऱ्या सुपरवायझरला तो बरोबर घेऊन आला. सुपरवायझर अबोल माणूस. त्यानं एवढंच सांगितलं की त्याला बॅक हवाय, आणि या स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या संघातलाच तो घेणार. गिरणीतल्या साहेबाला सांगायला पहिला नंबर लागतो म्हणाला. कायमची नोकरी, खोली, खेळायला बूट.

मी गोठ्यात जाऊन बॅकला सांगितलं. तो वैरण टाकत होता. थांबला. म्हणाला, “ताई, मन्हं साल सुटी जाई का?” म्हटलं, पहिला नंबर आला तर कायमचं सुटेल. “आणि एक ऐक. पाय लागला तरी वाकू नकोस. माझ्या भावापुढं कधी वाकलास का?” तेव्हा तो हसला, खांडबाऱ्याचं ते जुनं खदखदणं. म्हणाला, नई वाकनार. मी त्या दिवशी माहेरी जायचं पुढं ढकललं. सासूबाईंना नवल वाटलं, माहेर टाकून कुणी राहतं का!

नदीकडच्या पडीक जमिनीत मैदान आखलं होतं. आम्ही बायका बैलगाडीवर ताडपत्रीच्या सावलीत बसलो. सालदारांनी बाहेरगावचे दोन्ही संघ हरवले, आणि नुसते नाही, धुऊन काढले. दिराच्या संघानंही दोघांना हरवलं, पण रडतखडत. पहिल्या सामन्यात दोन-तीन गडी सवयीनं वाकले, लोक हसले, टाळ्या पडल्या. बॅक वाकला नाही. त्यानं एकदा बाहेरगावच्या एका मालकाच्या पोराला असा आडवा केला की धुरळा उडाला. बॅकनं धोतर खोचलं आणि तो तसाच पुढं गेला. माझ्या भावानं सुपरवायझरकडं पाहिलं. सुपरवायझरनं हळूच मान हलवली.

शेवटचा सामना दिराचा संघ आणि सालदार. सालदारांचे गोल जास्त होते, त्यामुळे बरोबरी झाली असती तरी पहिला नंबर त्यांचा. हे गावात सगळ्यांना कळत होतं. सासरे खुर्ची अगदी रेषेवर ओढून बसले. आदल्या दिवशीपर्यंत गंमत होती, आता नव्हती. “आपले गडी आपल्यालाच हरावतीन का?” असं कुणीतरी मागं बोललं आणि सासऱ्यांनी मान वळवून त्याच्याकडं असं पाहिलं की तो उठून दुसरीकडं जाऊन बसला.

एकेक गोल झाला आणि मग काही होईना. उन्हानं सगळे पिवळे पडले होते. पंच, नंदुरबारच्या शाळेतले एक मास्तर, घड्याळाकडं बघायला लागले. तेवढ्यात दिराला बॉल मिळाला आणि तो सुसाट निघाला. समोर एकटा बॅक. मी ताडपत्रीखालून उभी राहिले. बॅकनं त्याला येऊ दिलं, पुढं झाला आणि अलगद बॉल काढून घेतला. इतका स्वच्छ की मला वाटलं, सुतळीचाच बॉल आहे, मालधक्काच आहे. दीर त्याच्या पायाला अडखळून पडला. बॉल बॅकच्या पायाशी. मारला असता तर नदीपार गेला असता.

दीर पडल्या पडल्या ओरडला, “पाय लागना रे!”

आणि खुर्चीतून सासरे. तेच ओसरीवरचं गरजणं. “पाय लागना ना!”

मी ओरडले. सून, डोक्यावर पदर, समोर सासरा, सगळं गाव. मी ओरडले, “वाकू नको! बॉल मार!” त्यानं ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्याच्या अंगात सालं मुरली होती, आखाजीमागून आखाजी. त्यानं बॉल सोडला. दोन्ही हात जोडून तो दिराच्या पायाशी वाकला. आणि माझा दीर, ज्याला मी रोज पहिली गरम भाकरी वाढायचे, तो दीर त्या वाकलेल्या डोक्याशेजारून उठला, बॉल घेतला, सरळ गेला आणि गोल केला.

थू! आजही लिहिताना तोंड कडू होतं. पडताना लागलं असतं, चुकून झालं असतं, तर मी काही बोलले नसते. तो जाणूनबुजून ओरडला होता. त्याला माहीत होतं कुठली कळ दाबायची.

मास्तरांनी शिट्टी वाजवली. गोल. काय करणार? वाकणाऱ्यासाठी खेळ थांबवावा असा नियम फुटबॉलात नाही, कारण ज्यांनी तो खेळ काढला त्यांना आमचं गाव माहीत नव्हतं. सामना संपला. दिराचा संघ पहिला, सालदारांचा दुसरा. सासऱ्यांनी बॅकला पुढं बोलावलं, सगळ्यांसमोर नारळ आणि टोपी दिली आणि पान थुंकून म्हणाले, “याले म्हनतस संस्कार.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिराला जेवढ्या पडल्या त्यापेक्षा जास्त. बॅक ती टोपी हातात धरून उभा होता, कुठं ठेवावी ते कळत नसल्यागत.

सुपरवायझरनं भावाला बाजूला घेतलं. मी जवळच होते. तो म्हणाला, खेळ चांगला आहे त्याचा, पण बॉल पायात असताना थांबतो. असा बॅक मी साहेबापुढं कसा उभा करू? मग त्यानं शब्दाप्रमाणे पहिल्या संघाकडं जाऊन माझ्या दिराला विचारलं, येतोस का. दीर हसला. “आमले कसाले नोकरी? घरमा काय कमी शे का?” म्हणजे त्याला नकोच होती! नको असलेली वस्तू त्यानं दुसऱ्याच्या तोंडातून काढली होती आणि वर हसत होता. सुपरवायझर संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला.

मी भावाला म्हटलं, कर काहीतरी. तो माझ्या सासरी पाहुणा, त्यात मला न्यायला आलेला, भांडणार कसा? तो खाली मान घालून म्हणाला, “गोल झालाय ना. पेपरात छापलं असतं तर एवढंच छापलं असतं.” मी म्हटलं, थू तुझ्या पेपरावर. जन्मात पहिल्यांदा मी भावाशी असं बोलले.

घरी मांडे आणि आमरसाचं जेवण होतं. आखाजीच ती. मला वाढायला लागलं. दीर मांडीवर मांडी टाकून बसला होता, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता आणि तो मधेमधे तो चाटत सांगत होता, कसा पडलो, कसा ओरडलो. सगळी पंगत हसत होती. माझा नवराही हसत होता, जरा कमी, पण हसत होता. मी परसात गेले आणि खरोखरची ओकले. सासूबाई मागून आल्या, पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, दिवस गेले वाटतं वहूला. मी चूळ भरली. काय सांगणार होते, की तुमच्या पोराची किळस आली?

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. परत आले तेव्हा बॅक आमच्याच गोठ्यात होता. नवं साल लागलं होतं. टोपी डोक्यावर नव्हती, आणि मी विचारलंही नाही कुठं आहे.

पुढं काही दिवसांनी आपले पंतप्रधान गेले. पेपर काळ्या चौकटींनी भरून यायचा. त्यातच कुठंतरी कोपऱ्यात बातमी होती, आशियातल्या देशांची फुटबॉलची स्पर्धा झाली आणि आपण दुसरे आलो. चारच देश होते, बाकी कित्येक आलेच नव्हते, पण दिरानं ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवली. चौघांनी एकमेकांशी खेळायचं, निकालावर नंबर. अगदी आमच्यासारखं, असं तो म्हणाला. “आपन गावमा पयला, आशियामा दुसरा!” आणि सगळे हसले. मी आतून ऐकत होते. मला आनंद होईना की दुःख होईना. एकेकाळी मी या बातमीसाठी स्टेशनात गाडीची वाट पाहिली असती.

तरी हात थांबला नाही. सवय. मी गेरू कालवला आणि भिंतीवर चौघांची नावं लिहिली. आपलं नाव दुसरं लिहिताना वाटलं, सगळं पुसून शेणानं सारवून टाकावं. कोण कुठं कशानं दुसरं आलं ते नुसत्या नंबरातून कधी कळतं का?

तेवढ्यात बॅक ज्वारीचं पोतं घेऊन मागच्या दारानं आला. पोतं उतरवलं, कणगीत ओतलं. मग भिंतीकडं बघत उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण खांडबाऱ्याच्या भिंतीपासून त्याला हे काय असतं ते ठाऊक होतं.

“ताई, आपला कितवा उना?”

“दुसरा.”

मग अगदी साधेपणानं, पाऊसपाणी विचारावं तसं त्यानं विचारलं, “तठे बी कोनाले पाय लागना व्हता का?”

मी गेरूची वाटी खाली ठेवली. मी म्हटलं, “नाही रे. तिथं तसं काही नसतं. खेळले, समोरचे चांगले खेळले, हरले.”

“मंग बरं शे,” तो म्हणाला. “खेळीसन हारनात.”

त्यानं रिकामं पोतं झटकलं, घडी करून खांद्यावर टाकलं आणि सासऱ्यांनी हाक मारली म्हणून गोठ्याकडं गेला.